मोजक्या कपड्यांचा संसार



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला आणि आम्ही ‘कपडे’ असे उत्तर दिले, तेव्हा फोनच्या पलीकडे क्षणभर सामसूम झाली. परवा याच व्यासपीठावरून ज्ञानेश्वरीतील दृष्टांतांचे विवेचन झाले, काल देशाच्या अर्थकारणाचा ऊहापोह झाला, आणि आज एकदम कपडे! चालकांनी मोठ्या सौजन्याने विचारले, “म्हणजे भारतीय वस्त्रकलेचा इतिहास का?” आम्ही म्हणालो, “छे, छे! आपल्या घरातले कपाट. उघडले की अंगावर कोसळते ना, ते.” तेव्हा ते मोकळेपणाने हसले आणि म्हणाले, “मग अवश्य या. ते आमच्याही घरी आहे.”

या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार काय, हे आधी सांगितलेले बरे. आम्ही शिंपी नाही, कापडाचे व्यापारी नाही, आणि पोशाखाचे शौकीन तर मुळीच नाही. आमची सारी नोकरी एका कारखान्याच्या भांडारात, म्हणजे आपण सगळे ज्याला ‘स्टोअर’ म्हणतो तेथे गेली. पहिली अठरा वर्षे पिंपरीच्या बाजूला आणि नंतरची तेरा चाकणला. नट, बोल्ट, बेअरिंगे, हातमोजे, ग्रीसचे डबे आणि कामगारांचे गणवेश, हे आमचे विश्व. निवृत्त झाल्यावर माणसे गीता वाचतात किंवा तीर्थयात्रा करतात. आम्ही पहिल्याच आठवड्यात घरातले कपाट उघडले आणि जुन्या सवयीने त्याची मोजदाद करावयास बसलो.

शर्ट तेवीस निघाले. पँटी चौदा. त्यांपैकी आम्ही नेमाने वापरीत होतो ते शर्ट सहा आणि पँटी तीन. उरलेला माल स्टोअरच्या भाषेत ‘न हलणारा’. कारखान्यात असा माल वर्षभर पडून राहिला की वरून पत्र येते, जाब विचारला जातो. घरच्या कपाटाबद्दल जाब विचारणारा कोणी नव्हता, एवढाच काय तो फरक.

आता या न हलणाऱ्या मालाचे कारण काय, याचा विचार करताना आम्हांला बोल्टाची आठवण झाली. आज आपण बाजारातून आठ मिलिमीटरचा बोल्ट आणला, की तो त्याच मापाच्या आणि त्याच आट्यांच्या कोणत्याही नटात बसतो. मग नट कोणत्याही गावचा असो. आपल्याला हे इतके सवयीचे झाले आहे की त्यात काही विशेष आहे असे वाटतही नाही. परंतु पूर्वी हे असे नव्हते. प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत, आणि एका बोल्टाचा नट हरवला की तो बोल्टही फुकट जाई. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज यंत्रकाराने आट्यांचे एक ठरीव माप असावे अशी सूचना मांडली, आणि मग हळूहळू कुठलाही नट कुठल्याही बोल्टाला चालू लागला. भांडारातल्या माणसाला विचाराल, तर तो सांगेल की यामुळे माल कमी ठेवून काम जास्त होऊ लागले. शंभर जातींचे शंभर बोल्ट ठेवण्याऐवजी दहा जातींचे पुरू लागले.

आमच्या कपाटात नेमकी उलट अवस्था होती. एक पोपटी शर्ट होता. तो कुठल्याशा सेलमध्ये, निम्म्या किमतीत मिळतो म्हणून घेतला. घरी आल्यावर लक्षात आले की तो आमच्या एकाही पँटीवर चालत नाही. मग त्याच्यासाठी म्हणून एक बदामी पँट घेतली. त्या पँटीखाली काळे बूट वाईट दिसतात असे चिरंजीवांनी सांगितले, म्हणून तपकिरी बूट आले, आणि बुटांना साजेसा पट्टा आला. निम्म्या किमतीच्या शर्टाने असे आपले सगळे कुटुंब बोलावून घेतले! आणि इतके होऊन तो शर्ट आम्ही दोनदा घातला.

याचे गणित अगदी सोपे आहे. चार शर्ट आणि तीन पँटी असल्या, आणि कोणताही शर्ट कोणत्याही पँटीवर चालत असला, तर चार त्रिक बारा जोड होतात. कपडे सात, जोड बारा. या सातांत एक पोपटी शर्ट मिळवला आणि तो एकाच पँटीवर चालणारा निघाला, तर आठ कपड्यांचे जोड तेरा. त्याच जागी एक साधा आकाशी शर्ट मिळवला असता, तर जोड पंधरा झाले असते. माणूस दुकानात उभा असताना कपड्याकडे पाहतो. घरातल्या कपड्यांकडे त्याची पाठ असते. घरातल्या निदान तीन कपड्यांबरोबर हा चालेल काय, एवढा प्रश्न त्याने तेथे उभ्या उभ्या स्वतःला विचारला, तरी पुष्कळ काम भागते.

पाश्चात्त्य देशांत या गोष्टीला ‘कॅप्सूल वॉर्डरोब’ असे भारदस्त नाव आहे. आता कॅप्सूल म्हटले की पिंपरीच्या माणसाला पेनिसिलिनचा कारखाना आठवावयाचा, आणि ते साहजिक आहे. १९५५ पासून येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलिन तयार होऊ लागले आणि या गावाचे नाव देशभर झाले ते त्याच्यामुळे. पण ही कॅप्सूल वेगळी. १९७० नंतरच्या दशकात लंडनमध्ये सुझी फॉ नावाच्या बाईंचे कपड्यांचे दुकान होते. थोडे, उत्तम प्रतीचे, एकमेकांशी जुळणारे आणि फॅशन बदलली तरी टिकणारे कपडे घ्यावेत, असे त्या आपल्या गिऱ्हाइकांना सांगत. दुकानदाराने कमी घ्या म्हणून सांगावे, हे आम्हांला त्यातले खरे नवल वाटते. पुढे १९८५ साली अमेरिकेत डोना करन या बाईंनी ‘सात सोपे नग’ या नावाने कपड्यांचा एक संचच काढला. नोकरी करणाऱ्या स्त्रीने हे सात नग आलटून पालटून घालावेत आणि सकाळपासून रात्रीपर्यंतचे सर्व प्रसंग निभवावेत, अशी कल्पना.

हे वाचून आम्ही भारावून गेलो आणि सौभाग्यवतींना मोठ्या उत्साहाने ते सांगू लागलो. त्या तांदूळ निवडीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “आमच्या आजीजवळ दोन इरकली लुगडी होती आणि तीन खणाच्या चोळ्या. कुठलीही चोळी कुठल्याही लुगड्यावर. तिला कुणी लंडनला नाही बोलावलं.”

श्रोतेहो, विचार केल्यावर आम्हांला पटले की यात बोल्टाचे सगळे तत्त्व आले. गुळेदगुड्डचा खण घ्या. त्याचे अंग बारीक नक्षीचे, काठ ठसठशीत. तो अमुकच लुगड्याचा म्हणून विणलेला नसे. तो सगळ्यांचा होता. तांबड्या लुगड्यावर काळा खण, हिरव्यावर तांबडा, आणि उलटही चाले. कोणी नावे ठेवीत नसे. विसंगती हीच तेथे संगती होती. पुढे साडी सहावारी झाली आणि साडीतल्याच कापडाचा किंवा अगदी त्याच रंगाचा ब्लाऊज हवा, असा दंडक आला. प्रत्येक साडीचा नट वेगळा! म्हणून तर आज गावोगाव ‘मॅचिंग सेंटर’ निघाली आहेत. तेथे भिंतीवर एकाच निळ्या रंगाच्या वीस छटा रचलेल्या असतात, आणि भगिनीवर्ग साडीचा पदर दारातल्या उजेडात धरून एकविसावी छटा मागत असतो. त्या दुकानदारांवर आमचा राग नाही. पण एक काळा, एक सोनेरी आणि एक गडद लाल, असे तीन ब्लाऊज नीट मापात शिवले तर बहुतेक साड्या निभावतात, हे तेच दुकानदार आपल्या घरी सांगत असतील अशी आम्हांला शंका आहे. पंजाबी पोशाखाचे तेच. तीन नगांचा संच घेतला की तो जन्मभर संचच राहतो. तेच तीन कुडते, दोन सलवारी आणि दोन ओढण्या रंग पाहून सुट्या सुट्या घेतल्या, तर तीन दुणे सहा आणि सहा दुणे बारा.

आता कपडे किती असावेत? हा प्रश्न विचारला की काही लोक एकदम महात्माजींचे नाव घेतात. १९२१ साली मदुरेला त्यांनी पंचा स्वीकारला, ही गोष्ट खरी. पण ते व्रत होते आणि व्रताचा हिशेब वेगळा. आम्ही संसारी माणसांविषयी बोलत आहोत. संसारी माणसाच्या कपड्यांची संख्या वैराग्यावर ठरत नाही. ती वाळत घालायच्या दोरीवर ठरते, असे आमचे मत आहे.

ते कसे ते पाहा. पिंपरी-चिंचवडात २०१९ च्या नोव्हेंबरात महापालिकेने दिवसाआड पाणी सोडावयास सुरुवात केली. ज्या घरी पाणी दिवसाआड, त्या घरी धुणे दिवसाआड. म्हणजे दोन दिवसांचे दोन जोड धुण्याची वाट पाहणार. धुतल्यावर वाळण्यास उन्हाळ्यात एक दिवस. तेव्हा तिसरा जोड अंगावर हवा. आणि एखाद्या दिवशी चहा सांडला, मूल अंगावर ओकले, तर हाताशी एक राखीव. झाले चार जोड. आषाढ-श्रावणात आपल्याकडे जाड सुती कापड दोन-दोन दिवस वाळत नाही आणि त्याला कुबट वास येऊ लागतो. म्हणून पाच. पाणी रोज येत असेल, पंख्याखाली दोरी बांधायला जागा असेल, कापड लवकर वाळणारे मिश्र धाग्याचे असेल, तर एखादा जोड कमी चालेल. सणावाराचा एक, आणि घरात वापरायचे दोन. एवढ्यात माणसाचे सुखाने भागते. सहाव्या जोडाला दोरीवर जागा नसते, म्हणून तो कपाटात जातो; आणि कपाटात गेलेला जोड पुढे कपाटाचाच होतो. पाण्याचा विषय निघाला म्हणून हेही सांगून टाकतो, की कापूस पिकवण्यापासून धरले तर एका सुती टी-शर्टामागे सुमारे २,७०० लिटर पाणी खर्ची पडते असा जाणकारांचा अंदाज आहे. ते पाणी आपल्या नळाचे नसते, एवढेच. कोणाच्या तरी विहिरीचे असते.

तुकोबांची पालखी देहूहून निघाली की आकुर्डीला मुक्कामाला येते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी वारकरी उतरत असतील. त्यांच्या पिशवीत कधी डोकावून पाहा. धोतर-सदऱ्याचा एक जोड अंगावर, एक पिशवीत, टोपी, पंचा, आणि पावसासाठी पूर्वी घोंगडी असे, आता प्लॅस्टिकचा कागद. सगळे पांढरे, म्हणून कशावरही काही चालते. एवढ्यावर तो पंढरपूरपर्यंत तीन आठवडे चालतो. घोंगडीची थोरवी तर वेगळीच. ती पावसात डोक्यावर, थंडीत अंगावर आणि कीर्तनात बुडाखाली. सात नगांचे काम एका नगात!

मग इतके कळत असून आपली कपाटे भरतात कशी? आपण म्हणतो, खरेदीमुळे. आम्ही आमच्या तेवीस शर्टांची वंशावळ काढली. त्यांतले नऊ आम्ही विकत घेतलेलेच नव्हते. ते आहेरात आलेल्या शर्टपीसांचे होते. पँटपीस-शर्टपीस, साडी, टोपी-उपरणे ही आपल्या समाजातली एक प्रकारची चलनी नाणीच आहेत. काही साड्या तर नेसण्यासाठी नसतातच. त्या देण्यासाठी असतात. आमच्या घरातून गेलेली एक जांभळी साडी चार वर्षांनी दुसऱ्या लग्नात सौभाग्यवतींच्याच ओटीत परत आली. घडी मोडलेली नव्हती.

पिंपरीत राहून कापडाबद्दल बोलायचे तर कॅम्पातल्या बाजाराचे नाव घेतलेच पाहिजे. १९४७ साली फाळणीनंतर सिंधमधून उखडलेल्या माणसांची छावणी येथे वसली. ती माणसे येताना कपाटे घेऊन आली नव्हती. जे बरोबर उचलता आले ते घेऊन आली. त्यांनी व त्यांच्या मुलांनी ही बाजारपेठ उभी केली, आणि आज मावळ, खेड, मुळशीकडची मंडळी लग्नाचा बस्ता बांधायला तेथे येतात. जीप भरून माणसे येतात, सकाळी सुरू झालेला बस्ता दिवेलागणीला आटपतो. नवरीच्या साड्या तासाभरात होतात. उरलेला दिवस मानपानाच्या साड्यांत जातो. कोणाला तीनशेची, कोणाला पाचशेची, यावरून रुसवे-फुगवे ठरतात. कारखान्यांसाठी जमिनी गेल्या तेव्हा ज्यांच्या हाती पैसा आला, त्यांचे बस्ते आम्ही पाहिले आहेत. आणि कर्ज काढून त्यांची बरोबरी करणाऱ्यांचेही. या बाबतीत एकट्या माणसाने कपाट आवरून काही होत नाही. चार भावकीने एकत्र बसून ‘आहेर नको’ असे पत्रिकेवर छापावे, आणि मुख्य म्हणजे ते खरे करावे.

कारखान्यात जपानी लोकांची ‘फाइव्ह एस’ म्हणून एक पद्धत आहे; येथे बसलेल्या निम्म्या लोकांनी तिचे फलक रंगवलेले असतील. तिची पहिली पायरी ‘सेइरी’. लागणारे आणि न लागणारे वेगळे करावयाचे, आणि न लागणाऱ्या वस्तूला लाल चिठ्ठी बांधावयाची. आम्ही लाल कागद आणला, चिठ्ठ्या कापल्या आणि एका रविवारी घरभर बांधल्या. सौभाग्यवतींच्या कपाटात तळाला एक विटलेले लुगडे होते, त्यालाही बांधली. संध्याकाळी त्या बाहेरून आल्या. चिठ्ठी सोडून त्यांनी आमच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, “अहो, हे तुमचं स्टोअर नाही. हे आईचं आहे. धुऊन धुऊन मऊ झालंय, याचं दुपटं व्हायचंय.” आमच्या लेकीला तेव्हा सातवा महिना चालू होता. मग त्यांनी तीच चिठ्ठी नेऊन आमच्या लग्नातल्या काळ्या कोटाला बांधली. त्या कोटाजवळून आम्ही सकाळी दोनदा गेलो होतो आणि दोन्ही वेळा तो आम्हांला दिसला नव्हता!

आता थोडे गणवेशाविषयी. आपल्या या पट्ट्यात गणवेश अंगावर न घातलेले घर क्वचितच सापडेल. बाहेरच्यांना वाटते की गणवेश म्हणजे निळे-करडे कापड. पण त्यात मोठे शास्त्र आहे. वेल्डिंगच्या खात्यात सुती कापडच हवे. कृत्रिम धागा ठिणगीने वितळतो आणि कातडीला चिकटतो. त्याच मोटारीच्या रंगखात्यात मात्र सुती कापड चालत नाही, कारण सुताचे तंतू उडतात आणि ओल्या रंगावर बसतात. गाडी जुळवणाऱ्या माणसाच्या सदऱ्याची बटणे आतल्या बाजूला झाकलेली असतात आणि पट्ट्याच्या बकलावर कापड असते, नाही तर तो वाकला की नव्या पत्र्यावर ओरखडा पडतो. फिरत्या यंत्राजवळ सैल बाही म्हणजे जिवाशी खेळ. १९४८ च्या कारखाने कायद्यात चालू यंत्राला तेलपाणी करणाऱ्या कामगाराने घट्ट बसणारे कपडे घालावेत, आणि ते मालकाने पुरवावेत, असे कलमच होते. शिवाय कित्येक कारखान्यांत साहेब आणि कामगार एकाच रंगाचा सदरा घालतात. ही रीत आम्हांला आवडते, जरी ओळखपत्राच्या दोरीचा रंग पाहून कोण कोण आहे ते सगळ्यांना कळतच असते.

हे गणवेश आम्ही एकतीस वर्षे वाटले. आणि त्यातली एक गोष्ट आज सांगायची, असे ठरवूनच आम्ही हा विषय घेतला.

चाकणचे दिवस. पावसाळा होता. कायम कामगाराला वर्षाला दोन जोड आणि धुलाईभत्ता मिळे. कंत्राटी मुलांना गणवेश कंत्राटदाराने द्यायचा असे, आणि तो एकच देई. परभणीकडचा एक मुलगा होता, वीस-एकवीस वर्षांचा. कारखान्यामागच्या वस्तीत दहा बाय दहाच्या खोलीत चौघे राहत. दुसरी पाळी संपवून रात्री बाराला तो खोलीवर जाई, सदरा-पँट धुई, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीच घालून येई. उन्हाळ्यात हे जमून गेले. आषाढात सदरा वाळेना. एक दिवस तो हातमोजे घ्यायला आमच्या खिडकीशी आला, तेव्हा बाह्यांतून पाणी ठिबकायचे तेवढे बाकी होते. आम्ही म्हटले, “अरे, ओला घातलास?” तो म्हणाला, “काका, वाळतच नाही हो. जुना-पुराना एखादा असंल तर द्या की. मापाचं नसलं तरी चालंल.”

आमच्या मागच्या मांडणीवर तेव्हा एकशे चाळीस पँटी आणि साठाच्या वर सदरे पडून होते. अति लहान किंवा अति मोठ्या मापाचे, चुकून जास्त मागवलेले, तीन वर्षे न हललेले. दर मार्चला आम्हीच त्यांची यादी करीत असू. पण ते कायम कामगारांच्या खात्यावरचे होते आणि त्या मुलाचे नाव त्या खात्यात नव्हते. आम्ही त्याला नियम सांगितला. त्याने वाद घातला नाही. हातमोजे घेतले आणि गेला. पुढच्या आठवड्यात तापाने आजारी पडला. आठ दिवस आला नाही, तेव्हा कंत्राटदाराने त्याचे काम बंद केले आणि गणवेश परत घेतला. नवव्या दिवशी दुसराच एक मुलगा खिडकीशी उभा राहिला. सदरा तोच होता. खिशाच्या कोपऱ्यावर निळ्या शाईचा डाग होता, म्हणून आम्ही ओळखला. अदलाबदल होण्याजोगा सुटा भाग तेथे कपडा नव्हता, माणूस होता. आणि तो बदलून द्यायच्या साखळीत आमची खिडकी होती.

आम्ही त्या रात्री टिपण लिहिले, की न हलणारे गणवेश कंत्राटी कामगारांना पावसाळ्यापुरते द्यावेत. ते मंजूर होण्यास चौदा महिने लागले. मंजूर झाले, हे खरे. पण तो मुलगा पुढे कोठे गेला, त्याचा पत्ता आम्ही घेऊन ठेवला नव्हता.

म्हणून थोडक्या कपड्यांचे गुणगान ऐकले की आम्ही आधी विचारतो, किती थोडके? मघाचा दोरीचा हिशेब त्या मुलाला लावून पाहा. रोज धुणारा, राखीव जोड नाही, तरी आषाढात तीन हवेत, निदान दोन. एक जोड हा साधेपणा नव्हे. ज्याच्या कपाटात तेवीस आहेत त्याने सहावर यावे, हे चांगले. त्याला त्यात मोकळेपणा वाटेल, सकाळी दहा मिनिटे वाचतील. पण ज्याला एकच मिळतो त्याच्यापुढे जाऊन ‘मोजकेपणातच सुख आहे’ असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्या सभागृहाबाहेर जी मुले या पट्ट्यात भाड्याच्या खोल्यांतून राहतात, ती आपल्यापैकी कोणाची भाडेकरू आहेत, कोणाच्या हाताखाली आहेत. खोलीमागे वाळत घालायला दोन दोऱ्या आणि वर पत्र्याचा आडोसा, एवढे करायला घरमालकाला फार खर्च येत नाही. आणि ज्यांच्या हाती अजून स्टोअरच्या किल्ल्या आहेत, त्यांनी आपल्या मागच्या मांडणीकडे एकदा पाहावे. चौदा महिने थांबू नये.

आमच्या कपाटाचे पुढे काय झाले, हे विचारायचे राहिले असेल. आज त्यात शर्ट सहा आहेत: पांढरा, आकाशी, बारीक रेघांचे दोन, फिकट पिवळा, राखाडी. पँटी तीन: काळी, गडद निळी, मातकट. आज अंगावर आकाशी आहे, ते समोर दिसतेच आहे. न हलणाऱ्यांपैकी चांगले होते ते धुऊन, बटणे लावून, चाकणला ओळखीच्या खोल्यांवर पोहोचवले. एक सूचना करतो: देताना घडी घालून द्यावे आणि माप विचारून द्यावे. फाटके कोणाला देऊ नये. ते फडक्याला घरीच वापरावे. विटलेले बोहारणीला दिले. त्यात एक स्टीलचा डबा, दोन वाट्या आणि एक चाळण आली, आणि आता स्वयंपाकघरातील मांडणीवर जागा उरलेली नाही, अशी सौभाग्यवतींची तक्रार आहे. त्या लुगड्याचे दुपटे झाले, नातू त्यात निजतो.

कोट मात्र बोहारणीने घेतला नाही. उलटसुलट करून पाहिला आणि “याचं काय करू, बाबा?” म्हणून परत दिला. तेव्हा एखाद्या हौशी नाट्यमंडळाला वकिलाच्या भूमिकेसाठी काळा कोट हवा असल्यास चालकांकडे निरोप ठेवावा. माप मध्यम आहे, अस्तर नवे आहे.